रॉ की जेपेग? नागपूरच्या उजेडात ठरवताना

कॅमेरा नवा असला की मेनूत एक प्रश्न लवकरच समोर येतो: फोटो जेपेगमध्ये साठवायचे, रॉमध्ये, की दोन्हींत? जाणकार मंडळी ‘रॉच वापरा’ असं सांगून मोकळी होतात. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. तुम्ही काय टिपता, कोणत्या उजेडात टिपता आणि नंतर संगणकासमोर बसायची तुमची कितपत तयारी आहे, यावर उत्तर बदलतं. नागपुरात राहणाऱ्यांनी यातल्या उजेडाच्या मुद्द्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं, कारण आपल्याकडचं ऊन कॅमेऱ्याची परीक्षा घेतं.

आधी दोन्हींतला फरक. सेन्सरवर पडलेल्या उजेडाची नोंद कॅमेरा साधारणपणे १२ किंवा १४ बिटांत करतो. १४ बिट म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या. रॉ फाइलमध्ये ही नोंद जवळजवळ जशीच्या तशी राहते. जेपेग बनवताना कॅमेरा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली जुळवणी), कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा, शार्पनिंग हे सगळं स्वतः ठरवतो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो आणि बाकीची माहिती टाकून देतो. टाकलेलं पुन्हा मिळत नाही.

याचा अर्थ मे महिन्यातल्या दुपारी दीक्षाभूमीसमोर उभं राहिलं की लगेच कळतो. समोर उन्हात पांढराशुभ्र घुमट, बाजूला झाडांच्या दाट सावलीत बसलेली माणसं. माणसांचे चेहरे नीट यावेत म्हणून एक्सपोजर (सेन्सरवर पडू द्यायचा उजेड) वाढवलं तर घुमटाची गोलाई जाते आणि तिथे नुसता पांढरा डाग उरतो. जेपेगमध्ये तो डाग कितीही गडद केला तरी राखाडी होईल, गोलाई काही परत येणार नाही. घुमट सांभाळून फोटो घेतला तर चेहरे काळवंडतात. ते संपादनात उजळायला जावं तर जेपेगमध्ये सावलीत रंगीत ठिपके आणि चट्टे दिसू लागतात. रॉमध्ये मात्र घुमटाला धरून एक्सपोजर ठेवायचं आणि नंतर सावली दोन-अडीच स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) निर्धास्त वर उचलायची. आताचे बहुतेक कॅमेरे हे कमी आयएसओवर (उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेचा आकडा) सहज पेलतात.

जेपेगवाल्यांना इथे एक आधार आहे. निकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीचं डीआरओ, ही सगळी सावली उजळून देणारी सोय आहे आणि बऱ्यापैकी काम करते. रॉ वापरणाऱ्याने मात्र अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग बंद ठेवावं. ते चालू असताना कॅमेरा एक्सपोजर थोडं कमी धरतो आणि दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली रॉ फाइल विनाकारण अंधारी दिसते.

आता संत्र्यांकडे येऊ, कारण रॉची खरी किंमत मला त्यांच्यातच दिसते. हंगामात कळमन्याच्या बाजारात सकाळच्या तिरप्या उन्हात संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. फोटो घेतला, स्क्रीनवर छान दिसला, हिस्टोग्रामही (फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकलेला नाही. घरी येऊन मोठा करून पाहावं तर सालीवरचे बारीक खड्डे गायब आणि फळं प्लॅस्टिकच्या चेंडूंसारखी सपाट. झालेलं असतं असं की एकट्या लाल रंगाची पातळी वरच्या टोकाला जाऊन आदळलेली असते. साधा हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा मिळून असतो आणि त्यात लाल रंगाचा वाटा कमी धरलेला असतो, म्हणून हे लपून राहतं. मेनूतून लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे हिस्टोग्राम दिसतील अशी व्यवस्था करून घ्या.

मुख्य गोष्ट पुढे आहे. सेन्सरवर लाल रंग बहुधा भरलेलाच नसतो. उन्हातला व्हाइट बॅलन्स जुळवताना कॅमेरा लाल रंगाची नोंद काही पटीने वाढवतो, वर व्हिव्हिडसारखं प्रोफाइल (कॅमेऱ्यातली रंगांची तयार शैली) असेल तर रंग आणखी गडद करतो आणि त्यात साल सपाट होते. रॉ फाइलमध्ये ही वाढ अजून झालेलीच नसते. रॉ उघडून एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या, संत्र्याच्या रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. सालीवरचे खड्डे, देठाजवळचा हिरवट कडा, सगळं जागेवर सापडतं. लाल शालू, झेंडूची तोरणं, हळदीचा कार्यक्रम, जिथे एकच रंग ठासून भरलेला असतो तिथे हाच अनुभव येतो. लग्नाचं काम करणाऱ्याने रॉच धरावं असं मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

मिश्र उजेडाचंही तसंच. सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात आत पांढरे एलईडी, शोकेसमध्ये पिवळे दिवे आणि दारातून येणारं आभाळ, हे तिन्ही एकत्र आले की कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त एक टीप असते, हवी तशी बदलता येते.

मग जेपेग कुठे सरस? मारबतीच्या मिरवणुकीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे इतवारीत समोरासमोर येतात, गल्ल्या माणसांनी तुंबलेल्या, बडग्यांवरच्या (सोबतच्या पुतळ्यांवरच्या) पाट्या वाचेपर्यंत पुढे निघून जातात. वर बहुतेकदा ढगाळ आभाळ, म्हणजे ऊन-सावलीची ओढाताण नाही. इथे हवा असतो वेग. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कॉम्प्रेस केलेली रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, तर चांगल्या प्रतीचं जेपेग ८ ते १२ एमबीचं असतं. सलग फोटो घेताना रॉमुळे बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंतची कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा) लवकर भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा अडतो. शिवाय ते फोटो लोकांना त्याच संध्याकाळी हवे असतात. जेपेग ठेवा, प्रोफाइल न्यूट्रल किंवा स्टँडर्ड ठेवा म्हणजे पिवळ्या मारबतीच्या चेहऱ्यावरची रंगरेषा टिकेल, आणि एक्सपोजर एक तृतीयांश स्टॉप कमी धरा. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना किंवा शाळेची क्रीडास्पर्धा टिपणाऱ्यालाही मी हेच सांगेन.

ज्यांना संपादनाचा मनापासून कंटाळा आहे त्यांनीही खुशाल जेपेग वापरावं. डिस्कवर वर्षभर न उघडलेल्या रॉ फाइलींपेक्षा नीट टिपलेलं जेपेग घरच्यांच्या हातात पडलेलं बरं. फक्त मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा, कारण जेपेग दर वेळी बदलून पुन्हा साठवताना थोडं थोडं खराब होतं.

काही दोष मात्र रॉनेही जात नाहीत. हललेला हात, चुकलेला फोकस, आणि मंडपातल्या एलईडीमुळे फोटोवर येणारे आडवे पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे बहुधा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर पट्टे सहसा टळतात.

खर्चाची बाजू छोटीशी आहे. ६४ जीबीच्या कार्डावर दोन हजारांच्या आसपास रॉ फाइली मावतात, पण घरी त्या दोन ठिकाणी साठवायच्या तर हार्ड डिस्क लागणारच. रॉ उघडून संपादन करायला सॉफ्टवेअर लागतं: लाइटरूमला वर्गणी पडते. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि ताकदीचे आहेत, शिकायला मात्र वेळ मागतात. नवशिक्याने निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल यांपासून सुरुवात करावी. तीही फुकटच, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेले रंग तिथे आपोआप मिळतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी रॉ फाइल फिकट बघून धीर सुटत नाही.

अजूनही ठरत नसेल तर दोन्ही एकदम साठवणारा पर्याय लावा. रोजच्या वापराला जेपेग घ्या. घुमट किंवा संत्र्यांसारखा फोटो हाती लागला की त्याचीच रॉ उघडा, आणि महिन्याअखेरीस न लागलेल्या रॉ पुसून टाका. दोन-तीन महिन्यांत किती रॉ खरोखर उघडल्या ते तुमच्याच फोल्डरमध्ये दिसेल, आणि मेनूत काय निवडायचं ते त्यावरून ठरवा.