डोळे कशावरून शिकायचे: फोटोवरून की समोरच्या माणसावरून?

पोर्ट्रेट शिकताना बहुतेकांची गाडी डोळ्यांवर येऊन अडते. मग प्रश्न पडतो, मोबाइलमधल्या फोटोवर ग्राफ (चौकटी) आखून सराव करायचा की जिवंत माणूस बघून? मी दोन्ही केलंय. वर्षभर फोटो, नंतर लोकलमधली माणसं.

फोटो हलत नाही, हे त्याचं मोठं सुख. झूम केलं की कळतं, वरची पापणी बुबुळाची वरची कड झाकते. पूर्ण गोल बुबुळ काढलं की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. डोळ्यातला पांढरा भाग कागदाइतका पांढरा नसतोच. तो गोळा आहे, त्याच्यावर पापणीची सावली पडते. खालच्या पापणीला जाडी असते आणि तिच्या ओल्या कडेवर उजेड थांबतो. एचबी, टूबी, सिक्सबी पेन्सिली आणि पुट्टी रबर (मळता येणारा मऊ खोडरबर) एवढ्या सामानात हे सगळं जमतं. (लालबाग-परळच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघून भुलू नका. तिथे रेषाच सगळं करते, इथे ठळक रेषा डोळा मारून टाकते.)

पण फोटो चुकीचंही शिकवतो. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं, कान मागे जातात. रिंग लाइटचं पांढरं कडं बुबुळात उमटतं आणि आपण तेही इमानेइतबारे उतरवतो. शिवाय दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं, हे मापायचं काम ग्राफ परस्पर उरकतो. नजर तयार होत नाही ती नाहीच. माझे त्या वर्षाचे सगळे चेहरे एकाच घरातले वाटतात.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. धुरंधर, हळदणकर हे नावाजलेले चित्रकार तिथेच शिकले, आणि व्यक्तिचित्रणासाठी तिथे समोर मॉडेल बसतं. आपल्याला मॉडेल कुठून मिळणार? दुपारची ठाणे स्लो, लेडीज डबा. बाई घाटकोपरला उतरते, वहीत दीड डोळा राहतो. पापण्यांचे केस काढायला वेळच नसतो. भुवईखालची खोबण, खालची सुजलेली पापणी, पेन्सिलीचे दोन ठोके, झालं. मी पापण्यांचे केस काढणं तिथेच सोडलं आणि त्यानंतर लोक माझं चित्र ओळखायला लागले.

ऑर्डरी घ्यायच्या असतील तर फोटोला पर्याय नाही, गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटोच पाठवतं. स्वतःची शैली हवी असेल तर माझं मत माणसांच्या बाजूने. लाजाळू असाल तर आधी आरशातला स्वतःचा डोळा काढा, फुकट आहे आणि मध्येच उतरत नाही. चारकोल मात्र गाडीत नको, ओढणीला पुसला जातो.

अनोळखी बाईकडे टक लावून बघणं बरं नव्हे, म्हणून सुरुवातीला मी झोपलेल्याच निवडायचे. डोळे मिटलेले, म्हणजे काढायला काहीच नाही असं वाटायचं. पापणीखालचा गोळा किती गोल असतो, ते मला त्यांनीच दाखवलं.