निपाणीत भाड्याच्या घरात : दीड वर्षाच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

कर्नाटकाच्या हद्दीत, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या निपाणीत घर भाड्याने शोधणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण आमच्यासारखीच असते : घरातल्या एकाची नोकरी महाराष्ट्रात आणि दुसऱ्याची कर्नाटकात. माझी बदली चिकोडीच्या एका बँकशाखेत झाली, पतींचे काम कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत होते, आणि दोघांनाही रोज संध्याकाळी एकाच घरी परतता यावे यासाठी नकाशावर निपाणीखेरीज दुसरे सोयीचे गाव दिसत नव्हते. येथून चिकोडी साधारण पंचवीस किलोमीटर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास आणि कागल त्याच महामार्गावर कोल्हापूरच्या अलीकडे. दीड वर्षाहून अधिक काळ येथे राहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की निपाणी राहण्यासाठी फार चांगले गाव आहे, परंतु येथे घर निवडताना खोल्या, भाडे आणि उजेड यांच्या आधी त्या घराची कागदपत्रे आणि विजेचा मीटर पाहावा. भाडेकरूचे पुढचे सगळे जगणे या दोन गोष्टींवर अवलंबून असते आणि त्यांचा उल्लेख घर दाखवणारे क्वचितच करतात.

घरे मिळतात, आणि बहुतेक वेळा दलालाशिवाय मिळतात. किराणा दुकानदार, शाळेतले शिक्षक, शाखेतले सहकारी यांच्याकडे शब्द टाकला की दोन-तीन आठवड्यांत पुरेशी घरे पाहून होतात. जुन्या पेठेतली घरे कौलारू, पुढे सोपा, मागे परडे आणि माळवदाखाली उन्हाळ्यातही गारवा असलेली आहेत. अक्कोळ रोड, मुरगूड रोड आणि चिकोडी रोड या बाजूंना स्लॅबची नवी घरे आहेत, ज्यांत मालक खाली आणि भाडेकरू वर अशी रचना सर्रास आढळते. आम्ही अशाच एका घराचा वरचा मजला घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची यांचे भाडे साडेसहा हजार रुपये ठरले, आणि कोल्हापुरात तेवढ्या पैशांत आम्हाला याच्या निम्मी जागाही कोणी दाखवली नव्हती. अनामत रक्कम काही महिन्यांच्या भाड्याइतकी मागतात, आणि बेंगळुरूतल्या भरमसाट अनामतीच्या अनुभवावरून मनात जी धास्ती असते तिला येथे कारण नाही. काही ठिकाणी मात्र आडनाव आणि आहार यांची चौकशी भाड्याच्या आधी होते. घर आपले असले तरी भाडेकरूची जात विचारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, असे मला ठामपणे वाटते, आणि ज्या दारात पहिला प्रश्न तो आला तेथून आम्ही दुसरा प्रश्न न ऐकता निघालो.

आता करारनाम्याविषयी सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्यांची समजूत येथे हमखास चुकते. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, व ती जबाबदारी घरमालकावर आहे. पुण्या-कोल्हापुरात ऑनलाइन नोंदणी, अंगठ्याचा ठसा आणि क्रमांक पडलेली प्रत यांची आपल्याला सवय झालेली असते. निपाणी कर्नाटकात असल्याने तो कायदा येथे लागू नाही. येथे साधारणपणे ई-स्टँपवर अकरा महिन्यांचा करार लिहितात आणि तो नोटरी करून घेतात. अकरा महिन्यांचे कारण म्हणजे नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि तो खर्च व ती धावपळ दोन्ही पक्षांना टाळायची असते. ही पद्धत चुकीची नाही, परंतु नोंदणीकृत करारात जी माहिती सक्तीने भरावी लागते ती येथे आपण स्वतः आग्रहाने लिहून घ्यावी लागते. आमच्या करारात घराचा नगरपालिकेचा मिळकत क्रमांक, विजेच्या मीटरचा आर.आर. नंबर (म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक), अनामत रक्कम परत करण्याची मुदत, रंगकामाचा खर्च कोणी करायचा आणि पाण्याचे बिल कोणाकडे, हे सर्व स्वतंत्र कलमांत आहे. मसुदा कन्नडमध्ये तयार झाल्यास सहीपूर्वी तो मराठीत पूर्ण वाचून घ्यावा किंवा इंग्रजीत करून मागावा. आमच्या मालकांनी दोन्ही प्रती आनंदाने करून दिल्या, आणि मागणाऱ्याला येथे सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आर.आर. नंबरावर इतका भर देण्याचे कारण गृहज्योती योजना हे आहे. कर्नाटक सरकारने 2023 मध्ये घरगुती ग्राहकांना महिन्याला 200 युनिटपर्यंत मोफत वीज देणे सुरू केले, आणि या योजनेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो. तो लाभ सरसकट 200 युनिटांचा नसतो. त्या मीटरवर 2022-23 या आर्थिक वर्षात झालेल्या वापराची मासिक सरासरी आणि तिच्यावर साधारणपणे दहा टक्के, एवढा त्या घराचा कोटा ठरतो. वापर कोट्याच्या वर पण 200 च्या आत राहिला तर फरकाचे पैसे भरावे लागतात, आणि 200 ओलांडले तर पूर्ण बिल भरावे लागते. या हिशेबातून भाडेकरूसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, घराला स्वतंत्र मीटर आहे का. मालक आणि भाडेकरू एकाच मीटरवर असतील तर दोन्ही संसारांचा वापर एकत्र मोजला जातो, कोटा कोणाला पुरत नाही, आणि मालकाने लावलेल्या सबमीटरप्रमाणे आपण पैसे देत राहतो. आम्ही पाहिलेल्या एका घराचे भाडे आमच्या घरापेक्षा पाचशे रुपयांनी कमी होते, पण मीटर सामाईक होता, त्यामुळे ती स्वस्ताई पहिल्या उन्हाळ्यातच संपली असती. दुसरी गोष्ट, आधीच्या भाडेकरूचा आधार क्रमांक त्या आर.आर. नंबराशी जोडलेला आहे का. तो जोडलेला असेल तर आधी जोडणी काढून घ्यावी लागते आणि मगच नव्या भाडेकरूची नोंदणी होते. ही सोय आता ऑनलाइन आहे, परंतु जुना भाडेकरू परगावी गेलेला असेल तर त्याच्याशी संपर्क साधून देण्याचे काम मालकाने करावे, असे किल्ली हातात घेण्यापूर्वीच ठरवावे. आमच्या घराचा कोटा दोघांच्या वापराला पाऊस आणि थंडीच्या महिन्यांत पूर्ण पुरतो, उन्हाळ्यात फरक भरावा लागतो.

पत्त्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कर्नाटकची शक्ती योजना 11 जून 2023 पासून सुरू झाली आणि राज्यातील रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास करता येऊ लागला. त्यासाठी कर्नाटकातील पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. मी आधार कार्डावरचा पत्ता बदलला आणि तेव्हापासून निपाणी-चिकोडी हा माझा रोजचा प्रवास शून्य रकमेच्या तिकिटावर होतो. वर्षाचा हिशेब केला तर ही रक्कम एका महिन्याच्या भाड्याहून बरीच मोठी भरते, आणि ज्या स्त्रियांचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे त्यांच्यासाठी नोकरी धरावी की सोडावी हे ठरवणारी ही गोष्ट आहे. बसमध्ये रोज भेटणाऱ्या मैत्रिणींकडून मी हे वारंवार ऐकले आहे. उलट दिशेने, कोल्हापूरकडे जाताना, महाराष्ट्र एसटीने मार्च 2023 पासून स्त्रियांना दिलेली पन्नास टक्के सवलत मिळते, मात्र ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असते. पत्ता बदलण्यापूर्वी महाराष्ट्रातील कोणत्या योजना, शिष्यवृत्त्या किंवा रहिवासी दाखले आपल्या कुटुंबाला पुढे लागणार आहेत याचा विचार करावा. आमच्या घरी आम्ही माझा पत्ता बदलला आणि पतींचा सातारचा तसाच ठेवला.

वाहनाचेही असेच आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर त्या राज्याचा करही येतो. निपाणीच्या रस्त्यांवर एमएच 09 आणि केए 23 या दोन्ही पाट्या सारख्याच सहजपणे फिरतात, त्यामुळे नवख्या माणसाला हा नियम जाणवतच नाही. नवीन वाहन घेणार असाल आणि तुमची नोकरी तिच्या नियमांत बसत असेल तर 2021 पासून मिळणारी बीएच मालिका, म्हणजे राज्य बदलले तरी चालणारा नोंदणी क्रमांक, सीमाभागात राहणाऱ्यांना सर्वांत सोयीची आहे. माझी बँकेतली नोकरी असल्याने आमची गाडी आम्ही त्या मालिकेत घेतली.

मुले असणाऱ्यांनी शाळेचा विचार घराच्या आधी करावा. निपाणीत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, गाव मराठी बोलते, बाजार मराठीत चालतो, परंतु कर्नाटकातील शाळांत पहिलीपासून कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे 2015 च्या कायद्याने बंधनकारक आहे. पहिलीत येणाऱ्या मुलाला त्याचे काहीच वाटत नाही, आणि आणखी एक भाषा येणे हा मला लाभच वाटतो. सातवी-आठवीत येणाऱ्या मुलाला मात्र ते जड जाते.

अशांसाठी, आणि एकूणच महाराष्ट्राचा पत्ता सोडायचा नसणाऱ्यांसाठी, अर्जुननगरचा पर्याय आहे. देवचंद महाविद्यालय सर्वांना निपाणीचे म्हणून माहीत आहे, पण ते ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येते. बाजारहाट निपाणीचा, दवाखाना निपाणीचा, पण करार, वीज आणि पत्ता महाराष्ट्राचा, अशी तेथील स्थिती आहे. पतींच्या दृष्टीने तेथील घर सोयीचे झाले असते. माझ्या बसच्या आणि विजेच्या हिशेबात निपाणीचे पारडे जड ठरले.

पाण्याविषयी एवढेच सांगते की जवाहर तलावाची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, म्हणून घर मार्च ते मे या काळात पाहावे आणि शेजारच्या बाईंना नळाची वेळ विचारावी, घरमालकांना नव्हे. आमच्या खालच्या काकू पहिल्याच आठवड्यात सकाळी जिन्यातून हाक मारून म्हणाल्या, "पाणी आलंय बघा, आधी भरून घ्या, मग चहा ठेवा." ती हाक आजही चालू आहे. गच्चीवर मोठी टाकी आणि खाली साठवणीचा हौद असलेल्या घराला दोनशे-तीनशे रुपये अधिक द्यावे लागले तरी द्यावेत.

तंबाखूच्या वखारींचा विषय मात्र सविस्तर लिहिण्याजोगा आहे. निपाणीचे नाव विडीच्या तंबाखूने झाले, आणि शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 1981 मध्ये येथील तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठिय्या देऊन केलेले आंदोलन गावातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजूनही येते. वखारी आता पूर्वीइतक्या नाहीत, तरी ज्या गल्ल्यांत आहेत तेथे हंगामात तंबाखूची बारीक धूळ हवेत असते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि घशाला लागते. दमा असलेली व्यक्ती किंवा लहान मूल घरात असेल तर वखारीच्या वाऱ्याच्या बाजूचे घर भाडे कितीही कमी असले तरी घेऊ नये. त्याच वेळी, त्या वखारींत दिवसभर काम करणाऱ्या बायका ती धूळ आयुष्यभर घेत असतात. भाडेकरू म्हणून मला घर बदलण्याची मुभा आहे, ती त्यांना नाही, हे मी तेथून जाताना विसरू शकत नाही.

सीमेवर राहण्याचा खरा ताण वर्षातून मोजके दिवस येतो, पण तो येतो. निपाणी हा दोन्ही राज्यांतील वादाचा भाग आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने ते महाराष्ट्राला द्यावे असे सुचवले होते, आणि महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून प्रलंबित आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बसवाहकाला झालेल्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांतील बससेवा विस्कळीत झाली, तेव्हा पतींनी सहकाऱ्यांबरोबर गाडी वाटून घेतली, आणि माझी चिकोडीची बस राज्याच्या आतली असल्याने चालू राहिली. पावसाळ्याचे संकट याहून मोठे आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि कोल्हापूरकडचा रस्ता बंद झाला. त्यामुळे ज्यांची नोकरी उत्तरेकडे आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये रजा राखून ठेवावी, आणि घरात नियमित औषधे लागणारे कोणी असल्यास त्यांचा पंधरा दिवसांचा साठा करावा. आमच्या वास्तव्यात तशी वेळ आली नाही, पण शेजाऱ्यांनी दाखवलेल्या पाण्याच्या खुणा पाहून आम्ही ही तयारी दरवर्षी करतो.

अकरा महिने संपल्यावर आम्ही करार नव्याने केला. भाडे पाच टक्क्यांनी वाढले, ते आम्हाला रास्त वाटले. नव्या करारात दोन कलमे वाढवली : पूर किंवा बंदमुळे घर सोडण्याची तारीख पुढे गेल्यास त्या दिवसांचे फक्त प्रमाणशीर भाडे आकारले जाईल, आणि घर सोडताना विजेच्या मीटरवरील आमच्या आधारची जोडणी काढून दिल्यानंतर सात दिवसांत अनामत रक्कम परत मिळेल. मालकांनी दोन्ही कलमे वाचून लगेच सही केली. येत्या उन्हाळ्यात माझी बदली झाली नाही तर तिसरा करारही याच घरासाठी करायचा, असे आम्ही ठरवले आहे.