दारू सोडायची गोळी: धाकाची घ्यावी की तलफ मारणारी?

अमेरिकेत सिएटलच्या शॅडेल रुग्णालयात १९३५ पासून दारूसोबत उलटीचं औषध देत, दारूचीच शिसारी बसावी म्हणून. डायसल्फिराम हे त्याच भाऊबंदांतलं, पण यात शिसारीपेक्षा धाक जास्त. गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की अ‍ॅसिटाल्डिहाइड, म्हणजे दारू पचताना तयार होणारं विषारी रसायन, शरीरात साचतं. थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात. कधी रक्तदाब इतका उतरतो की दवाखाना गाठावा लागतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

नाल्ट्रेक्सोन या तलफ मारणाऱ्या गोळीचा स्वभाव वेगळा. वर दारू प्यायली तर असं काही होत नाही, फक्त पिण्यातली मजा उतरते, तलफ मंदावते. चुकून प्यायला तरी जिवावर बेतत नाही, ही मोठी सोय. पण गोळीचा धाकच नसल्याने टाळाटाळ करणाऱ्याला आयती पळवाट मिळते.

मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० पुरुषांना या दोन गोळ्या वाटून दिल्या होत्या. वर्षअखेर डायसल्फिरामवाले ८६ टक्के दारूपासून लांब होते, नाल्ट्रेक्सोनवाले ४४ टक्के. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांना कमी होती. आकडे पाहून लगेच निकाल लावू नका. या सगळ्यांच्या पाठीशी घरचं माणूस होतं, आणि आपण कोणती गोळी घेतोय हेही त्यांना ठाऊक होतं. धाकाच्या औषधाला हे ठाऊक असणंच कामी येतं.

म्हणून माझं मत: पेशंट स्वतः 'हो' म्हणतोय आणि रोज सकाळी समोर बसून गोळी गिळायला लावणारं कुणी घरात आहे, तरच डायसल्फिराम. एकटा राहणारा, फिरतीवर असणारा, अधूनमधून घसरणारा असेल तर नाल्ट्रेक्सोन बरं.

भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' असं लिहिलेलं दिसतं. आमटीत डायसल्फिरामची पूड कालवायचा तो मार्ग साफ सोडा. ज्याला पत्ताच नाही, तो पिणारच, आणि हृदयविकार असला तर जीवही जाऊ शकतो.

डायसल्फिराम शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करतात. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, बाटलीवर बघून घ्या. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध सोबत चालत नाही. लिव्हरची तपासणी दोन्हींसाठी हवी. ट्रामाडोलसारखी अफूच्या वर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर नाल्ट्रेक्सोन बाद. लिव्हर खूपच खराब असेल तर अ‍ॅकॅम्प्रोसेट या तिसऱ्या औषधाबद्दल विचारा. तिथे किडनी धड लागते.