एसीई चेकलिस्ट: वर्षभर वापरल्यावर

मी औषधशास्त्र शिकवते. आमच्या पीजीच्या मुलांचा जर्नल क्लब, म्हणजे शोधनिबंध एकत्र वाचून तपासायची बैठक, माझ्याकडे आहे. कन्सॉर्ट म्हणजे औषधांच्या वगैरे चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा, याची सर्वमान्य यादी. ॲडाप्टिव्ह, म्हणजे चालू असतानाच बदलता येणाऱ्या, चाचण्यांसाठी तिला जोडलेली एसीई ही पुरवणी २०२० मध्ये आली. नेटवर फुकट मिळते. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला प्रिंट काढून स्पायरल करून घेतली होती, आता पानं सुटायला आलीत.

ॲडाप्टिव्ह चाचणीत मध्येच आकडे बघून एखादा गट बंद करता येतो, रुग्ण वाढवता येतात, लवकर थांबता येतं. मात्र नियम आधी लिहिलेला हवा. ०.०५ चीच पट्टी (निव्वळ योगायोगाने फसण्याची ५ टक्के मुभा) धरून पाच वेळा आकडे बघितले, तर निरुपयोगी औषधही गुणकारी ठरण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते.

मूळ कन्सॉर्टच्या तुलनेत या यादीत ७ मुद्दे नवे आहेत, ९ बदललेले. माझ्या लेखी खरी किंमत त्या सातांची. मधले आकडे कोणापासून लपवले आणि कसे? ठरलेल्या नियमाप्रमाणे प्रत्यक्षात काय निर्णय झाले? पहिल्या टप्प्यातले आणि नंतरचे रुग्ण सारखे होते का? हा शेवटचा प्रश्न मुलांना पटकन पटला. पावसाळ्यात सुरगाणा-पेठकडून येणारे रुग्ण आणि दिवाळीनंतर शहरातून येणारे रुग्ण किती वेगळे असतात, ते वॉर्डात रोज बघतात.

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागेचं. बाबा फवारणीची वही ठेवतात: तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी. निर्यातवाला आधी ती वही मागतो, मग घड बघतो. गेल्या वर्षी क्लबात वाचलेल्या एका पेपरात तीनपैकी एक मात्रा मध्येच बंद झाली होती. कोणी, कधी, कशावरून, एक ओळ नाही. मला फार राग आला. त्या गटातही माणसं होती, सही करून आलेली.

उलट रिकव्हरी या कोविडवरच्या ब्रिटिश चाचणीचा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवरचा अहवाल वाचा. ८ जून २०२० ला त्या गटातली भरती थांबवली, कारण रुग्णांनी २००० चा आकडा ओलांडला होता. आणि तो आकडा ठरवणाऱ्या समितीला निकाल माहीत नव्हते, हेही स्पष्ट लिहिलंय. मुलांनी तिथे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

उणिवा आहेत. सोबतचं स्पष्टीकरण लांबलचक आहे. लवकर थांबलेल्या चाचणीत परिणाम फुगलेला दिसतो, तो कसा दुरुस्त करायचा, या भागात संख्याशास्त्र जड होतं. तिथे मला दोन बैठका द्याव्या लागल्या. शिवाय सगळ्या खुणा झाल्या म्हणून चाचणी चांगली ठरत नाही, एवढंच कळतं की सांगायचं ते सांगितलंय.

थिसिसवाल्यांनी ही यादी प्रोटोकॉल लिहितानाच उघडावी. पेपर पाठवायच्या आदल्या रात्री उघडलीत, तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या वहीत नसतील.