पाय झीरो, पिको की ईएसपी? हातातल्या गेमसाठी चिप निवडताना

घरी गेमिंग डिव्हाइस जुळवायचं आणि खिसाही सांभाळायचा, तर फिरून फिरून तीन छोट्या बोर्डांच्या नावांवर येऊन थांबायला होतं: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, पिको २ आणि ईएसपी३२-एस३. कोअर आणि मेगाहर्ट्झ तुम्ही पाहिलेच असतील. मी तिन्ही इथे गुहागरात वापरून बसलोय, तेव्हा डेटाशीटमध्ये न दिसणारं तेवढं सांगतो.

ताकदीत झीरो पुढे, यात वाद नाही. ५१२ एमबी रॅम, वर रेट्रोपाय (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर); गेमबॉय ॲडव्हान्स आरामात आणि पहिल्या प्लेस्टेशनचेही बरेच गेम चालतात. उरलेल्या दोघांकडून प्लेस्टेशनची आशा धरू नये. तुमचा जीव त्यातच अडकला असेल, तर खुशाल झीरो घ्या.

माझं घोडं अडलं ते बंद करण्यापाशी. झीरोवर लिनक्स चालतं. म्हणजे सुरू करताना बूट होईपर्यंत थांबा, आणि बंद करताना मेनूत जाऊन शटडाउन द्या. तसं न करता वीज तोडली, तर कार्डावरची फाइल सिस्टम बिघडायची भीती. एकट्यानं खेळायचं तर ठीक आहे हो. पण गणपतीत मुंबईहून भाचरं येतात आणि डिव्हाइस त्यांच्याच हातात असतं. माजघरातून ‘आरतीला चला रे’ अशी हाक आल्यावर कुठलं पोर मेनू शोधत बसेल? स्विच खाली, टाळ हातात! कार्ड रीड-ओन्ली करता येतं, मी केलंही. पण मग गेम सेव्ह करायला लिहिता येणारं वेगळं पार्टिशन ठेवावं लागतं, आणि नेमकं त्यावर लिहिणं चालू असताना स्विच पडला की पुन्हा तेच. झीरोला खरा स्लीप मोडही नाही. दाभोळच्या जेटीवर फेरीबोट लागली म्हणून गेम पॉज करून खिशात टाकावा, तर तो खिशातही बॅटरी खात राहतो.

पिकोला ही कटकटच नाही. स्विच सारला की गेम समोर. बूटसेल बटण दाबून यूएसबी जोडली की पेन ड्राइव्हसारखी दिसते, फाइल टाकली की झालं. स्वतः गेम लिहून शिकायचं असेल, तर याहून सोपं मला तरी काही सापडलं नाही. २०२४ मध्ये आलेल्या पहिल्या चिपांमध्ये पुल-डाउनची (पिन शून्याकडे ओढून ठेवणाऱ्या रेझिस्टरची) एक जाहीर खोड आहे, चिपच्या चुकांच्या यादीतली इरेटा ई९: इनपुट पिन शून्यावर यायची ती दोनेक व्होल्टवर अडकून बसते. बटणं ग्राउंडला जोडून पुल-अप (उलट, वर ओढणारे रेझिस्टर) वापरले की तिचा त्रास नाही. मात्र जुन्या कन्सोलचे गेम चालवायचे म्हटलं की ५२० केबी रॅम लवकर अपुरी वाटायला लागते.

माझा हात हल्ली एस३ कडे जातो. लगेच सुरू होतं, आणि ८ एमबी पीएसरॅममुळे (जोडीची जादा रॅम) जागाही ऐसपैस. रेट्रो-गो हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं की एनईएस, गेमबॉय, मास्टर सिस्टम एकाच मेनूत. प्रोग्राम चिपशेजारच्या फ्लॅशमध्ये असतो, कार्डावर नुसते गेम आणि सेव्ह. सेव्ह चालू नसताना पोरांनी स्विच पाडला, तर फार तर चालू डाव जातो. डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेच्या मोडमध्ये) चिप स्वतः मायक्रोॲम्पिअरवर येते. बोर्डावरचा एलईडी आणि रेग्युलेटर जास्त खातात, एलईडी काढूनच टाका.

त्रास यातही आहेत. जुन्या ईएसपी३२ मधला डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) इथे नाही, त्यामुळे आवाजासाठी मॅक्स९८३५७ सारखा आय-टू-एस (थेट डिजिटल आवाज घेणारा) ॲम्प्लिफायर लागतो. ब्लूटूथ फक्त लो एनर्जी, म्हणजे नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन विसरा. तुमचा स्क्रीन आणि बटणांच्या पिना रेट्रो-गोच्या कॉन्फिगमध्ये स्वतः भराव्या लागतात, आणि त्यात एक संध्याकाळ सहज जाते.

मागवताना मॉड्यूलच्या पत्र्यावर एन१६आर८ (१६ एमबी फ्लॅश, ८ एमबी पीएसरॅम) छापलंय का ते फोटोत बघून घ्या. पीएसरॅम नसलेले बोर्ड दिसायला अगदी तसेच असतात. आणि या मॉड्यूलवर ३५, ३६, ३७ या पिना पीएसरॅमनं अडवलेल्या असतात, बटणं तिथे सोल्डर करू नका.