जलपर्णी: मशीनने काढायची की भुंग्यांवर सोडायची?

उन्हाळ्यात सांगलीत कृष्णेचं पाणी संथ झालं की जांभळ्या तुऱ्यांचा हिरवा गालिचा पसरतो. फोटोला झकास, माशांना जीवघेणा.

मशीन लावलं की चार दिवसांत पाणी दिसतं. पण या झाडात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे ट्रॉल्या भरभरून आपण पाणीच वाहतो! परवा एक फुगीर देठ मोडून पाहिला: आत स्पंजासारख्या पोकळ्या, खाली मुळांचा काळा झुपका. असं एखादं रोप राहिलं तरी पुन्हा पसरायला पुरतं. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट. शिवाय गाळातलं बी १५-२० वर्षं जिवंत राहतं.

जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगे तिच्यासारखेच मूळचे दक्षिण अमेरिकेचे. १९८०च्या दशकात ते भारतात आणून बंगळूरुकडच्या तलावांत सोडले. मोठे भुंगे पानं खरवडतात, अळ्या देठ पोखरतात. आफ्रिकेतल्या सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरच्या व्हिक्टोरिया सरोवरात ते १९९०च्या दशकात सोडले. काही वर्षांत जलपर्णी बरीच हटली, पुढे पुन्हा वाढलीही. कारण शहरांचं सांडपाणी आणि शेतातलं खत थांबलं नव्हतं.

भुंग्यांना वर्षं लागतात, आणि मेलेली झाडं तळाशी कुजून प्राणवायू खातात. आमच्या नदीत तर पावसाळ्यात पूर आला की झाडांसकट भुंगेही कर्नाटकात! म्हणून नदीला मशीनच. मिरजेच्या गणेश तलावासारख्या बांधीव पाण्यात मात्र मी भुंग्यांना संधी देईन, आधी नाल्यांची तोंडं वळवून.