जॉय डिव्हिजनचा 'सब्स्टन्स': काही महिने ऐकल्यानंतर

'ग्रेटेस्ट हिट्स' समजून हा अल्बम घेतलात तर फसाल, हे आधीच सांगून ठेवतो. जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या रॉक बँडचं नाव घेतलं की जी गाणी पटकन आठवतात, त्यातली बरीच इथे नाहीतच. 'डिसऑर्डर' नाही, 'शॅडोप्ले' नाही, 'आयसोलेशन' नाही. ती 'अननोन प्लेझर्स' (१९७९) आणि 'क्लोजर' (१९८०) या दोन अल्बमवर आहेत. या दोन्हींच्या बाहेर जे विखुरलेलं होतं ते त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, फॅक्टरी रेकॉर्ड्सने, १९८८ मध्ये एकत्र केलं, तो हा 'सब्स्टन्स'. म्हणजे सिंगल्स (एकेकटी काढलेली गाणी), त्यांच्या बी-साइड (त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी), सुरुवातीची ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड), फुकट वाटलेली फ्लेक्सी डिस्क (पातळ, वाकणारी प्लास्टिकची रेकॉर्ड) असा सगळा ऐवज. मागवताना एक बघा. गायक इयन कर्टिसच्या आत्महत्येनंतर उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर नावाचा बँड काढला आणि त्यांच्या संग्रहाचं नावही 'सब्स्टन्स'च आहे, तो १९८७ चा. दोन्हींत गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

माझ्याकडे २०१५ ची सीडी आहे, १९ गाण्यांची. मूळ एलपीवर (मोठ्या तबकडीवर) १० होती, १९८८ च्याच सीडीवर 'अपेंडिक्स' म्हणून ७ आली आणि २०१५ मध्ये आणखी २. खरा माल पहिल्या दहात. ती साधारण काळाच्या क्रमाने लावलीत आणि त्यामुळेच महिनोन्महिने ऐकूनही कंटाळा येत नाही. अवघ्या सव्वादोन वर्षांत चार पोरं कुठून कुठे गेली, ते या दहा गाण्यांत ऐकू येतं.

पहिलं 'वॉर्सॉ' डिसेंबर १९७७ मधलं, ओल्डहॅमच्या स्टुडिओत केलेलं. सगळे एकदम सुटलेत, कोण आधी संपवतो अशी शर्यत. ठीक आहे, तेव्हा मँचेस्टरमधली प्रत्येक दुसरी बँड असंच वाजवत असणार. दोन गाणी पुढे 'डिजिटल' लागतं आणि खोलीच बदलते. ऑक्टोबर १९७८, रॉचडेलचा कार्गो स्टुडिओ, आणि प्रोड्यूसर म्हणून पहिल्यांदाच मार्टिन हॅनेट. हा माणूस विक्षिप्त होता. स्टीव्हन मॉरिसला ड्रमचा एकेक भाग सुटा वाजवायला लावायचा, डिजिटल डिलेशी (आवाजाचा प्रतिध्वनी काढणाऱ्या यंत्राशी) तासन्‌तास खेळायचा. बँडला तेव्हा ते फारसं रुचलं नव्हतं, त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. पण हॅनेटने वाद्यांच्या मधे जागा सोडली, आणि ती जागा हीच या बँडची ओळख झाली.

बेसबद्दल, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारबद्दल, बोललंच पाहिजे. पीटर हूकचा अँप्लिफायर यथातथाच होता, बर्नार्ड सम्नरच्या गिटारपुढे त्याला स्वतःचंच ऐकू येईना, म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवायला लागला असं तो सांगतो. परिणाम असा की इथे चाल बेस धरतो आणि गिटार मधूनमधून ओरखडे काढते. 'ट्रान्समिशन' ऐकताना पहिला मिनिटभर फक्त बेसवर लक्ष ठेवून बघा. फोनच्या स्पीकरवर मात्र यातलं काही कळत नाही. मी काही दिवस लोकलमध्ये स्वस्त इअरफोनवर ऐकत होतो, तेव्हा अर्धा अल्बम गाडीच्या खडखडाटात गेला. बरे हेडफोन घेतले नसतील तर या बँडबद्दल मत बनवू नका.

'शीज लॉस्ट कंट्रोल' इथे आहे ते 'अननोन प्लेझर्स'वालं नव्हे. हे १९८० च्या बारा इंची रेकॉर्डवरचं, जवळपास पाच मिनिटांचं, शेवटी एक जादा कडवं असलेलं. मॅकल्सफील्डच्या रोजगार केंद्रात कर्टिस नोकरी करायचा, तिथे येणाऱ्या एका मुलीला फिट्स यायच्या. ती यायची थांबली, आणि ती वारल्याचं त्याला नंतर कळलं. पुढे जानेवारी १९७९ मध्ये त्याला स्वतःलाच एपिलेप्सी असल्याचं निदान झालं. हे माहीत झाल्यावर ते जादा कडवं पहिल्यासारखं ऐकता येत नाही. अल्बमवरचं रूप जास्त नावाजलं जातं, मला हेच जास्त थंड आणि जास्त भीतिदायक वाटतं.

'ॲटमॉस्फिअर' आधी फ्रान्समध्ये फक्त १५७८ प्रतींत निघालं होतं, यावर आज विश्वास बसत नाही. आणि 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' तर सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर मी काय नवीन सांगणार.

आता तक्रार. दहावं गाणं संपतं तिथे सगळं पूर्ण झालेलं असतं, आणि लगेच 'अपेंडिक्स' सुरू होऊन 'नो लव्ह लॉस्ट' तुम्हाला परत १९७७ मध्ये नेऊन बसवतं. जेवण आटोपून बडीशेप तोंडात टाकावी आणि कुणी पुन्हा वरण-भात वाढावा, तसं होतं. गाणी वाईट नाहीत. 'ग्लास' आणि 'दीज डेज' तर पहिल्या दहात शोभली असती. 'कोमाकिनो' मला हळूहळू आवडायला लागलं. पण 'फेल्युअर्स' आणि 'ॲज यू सेड' आता मी सरळ पुढे ढकलतो. शेवटी मोबाइलवर सगळी १९ तारखांप्रमाणे लावून घेतली आणि आता तीच यादी ऐकतो. सीडी बाहेर काढली की दहाव्यानंतर बंद.

कव्हरवरची अक्षरं वाचता आली नाहीत तर डोळे तपासायला जाऊ नका. विम क्राउवेल या डच डिझायनरने १९६७ मध्ये ठिपक्यांनी अक्षरं उमटवणाऱ्या पडद्यांसाठी नुसत्या सरळ रेघांची एक वर्णमाला केली होती, ती इथे वापरलीय.

घ्यावा का? या बँडचं काहीच ऐकलं नसेल तर आधी 'अननोन प्लेझर्स' घ्या, मग हा. दोन्ही अल्बम असतील तर मात्र हा हवाच, कारण 'ट्रान्समिशन' आणि 'डेड सोल्स' त्या दोन्हींवर नाहीत. आणि २०१५ वालाच शोधा. त्यात एकोणिसावं गाणं म्हणून 'लव्ह विल टेअर...'चं ओल्डहॅममध्ये केलेलं आधीचं रूप आहे. ते जास्त सडसडीत आहे, आवाजात नंतरचा तो दर्दभरा घोळ नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना प्रसिद्ध रूपच आवडतं. मी या दुसऱ्याच्या बाजूने आहे.